तुमचे खापरपणजोबा पलटणीत होते का? १९व्या शतकातले शिपाई पूर्वज शोधायचे कसे?

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, पांझरा नदीच्या काठावर पिंपळनेर आहे. पश्चिमेला सह्याद्री आणि त्याच्या पलीकडे डांगाचं जंगल. या पट्ट्यातल्या बऱ्याच घरांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आपले पूर्वज पलटणीत होते."

कुठली पलटण, कुठलं युद्ध, कोणाच्या बाजूने? इथे गोष्ट अडते. ही माहिती शोधता येते का, आणि कुठे? समजून घेऊया.

खानदेशात 'पलटण' म्हणजे काय?

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खानदेश ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. त्याच वर्षी थाळनेर आणि मालेगावच्या किल्ल्यांवर लढाया झाल्या. सातपुडा आणि सह्याद्रीतले भिल्ल मात्र पुढची काही वर्षं कंपनीला जुमानत नव्हते. फौजा पाठवून उपयोग होईना, तेव्हा १८२५ मध्ये मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या काळात वेगळी योजना आली. भिल्लांनाच पगारावर भरती करायचं.

ही 'खानदेश भिल्ल पलटण' उभी केली जेम्स आउट्रम या तरुण अधिकाऱ्याने. मुख्य ठाणं होतं धरणगावला, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यात. १८३० मध्ये आउट्रमने डांगावर मोहीम काढली, तेव्हा ही पलटण त्याच्यासोबत होती.

इथे सक्तीची भरती नव्हती. कंपनीच्या सगळ्याच देशी पलटणींसारखे हे शिपाई स्वतःहून नाव नोंदवत. कारणं साधी होती : ठरलेला पगार, माफी आणि मान.

सगळ्यांचे पूर्वज एकाच बाजूला नव्हते

१८५७ मध्ये खानदेशात उठाव झाला तो खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांच्या नेतृत्वाखाली. यातले खाज्या नाईक आधी इंग्रजांच्याच नोकरीत होते, सेंधवा घाटाच्या रस्त्याची राखण त्यांच्याकडे होती. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात अंबापाणी इथे मोठी लढाई झाली. एका बाजूला भिल्ल बंडकरी होते आणि समोरच्या इंग्रजी फौजेत भिल्ल पलटणीचे शिपाईही होते.

त्यामुळे शोध सुरू करण्याआधी एका गोष्टीची तयारी ठेवा. तुमच्या पूर्वजाचं नाव पलटणीच्या हजेरीत सापडू शकतं, तसंच बंडकऱ्यांच्या यादीतही सापडू शकतं. एकाच घरातले दोन भाऊ दोन याद्यांमध्ये असणंही अशक्य नाही.

पायरी १ : आधी घरातून सुरुवात

आज पंचविशीत असलेल्या व्यक्तीपासून १८५७ मधला २० वर्षांचा शिपाई साधारण सहा पिढ्या मागे असतो. म्हणजे पणजोबांचे पणजोबा. थेट तिथे उडी मारता येत नाही, एकेक पिढी जोडत जावं लागतं.

- घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसांना पिढ्यांची नावं विचारा, आवाज रेकॉर्ड करा.
- जुनं पदक असेल तर त्याची कड भिंगातून बघा. शिपायाचं नाव आणि पलटण अनेकदा तिथेच कोरलेली असते. पदक घासून चकचकीत करू नका, अक्षरं पुसली जातात.
- पेन्शनचे, इनामाचे कागद मोडी लिपीत असतील तर फेकू नका. मोडी वाचणारे लोक आजही आहेत.

पायरी २ : गावाचं दप्तर

तहसील कार्यालयात जुनी जन्म-मृत्यू नोंदवही असते, तिला लोक 'कोतवाल बुक' म्हणतात. शाळेचं जनरल रजिस्टर, जुने फेरफार, भूमी अभिलेख कार्यालयातली पत्रकं यांतून साधारण १९व्या शतकाच्या अखेरीपर्यंत मागे जाता येतं. काही जिल्ह्यांचे जुने महसुली कागद सरकारच्या 'आपले अभिलेख' पोर्टलवरही आहेत.

ज्या कुटुंबांकडे भाट येतात, त्यांनी भाटांच्या वह्या बघाव्यात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे गावनिहाय नामावळ्या असतात, तिथे पूर्वज यात्रेला गेले असतील तर पिढ्यांची साखळी मिळू शकते.

पायरी ३ : जिल्हा नेमका कोणता?

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. जुन्या कागदांत 'धुळे जिल्हा' शोधून काही मिळणार नाही. तेव्हा एकच खानदेश जिल्हा होता. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, पुढे तेच जळगाव आणि धुळे. नंदुरबार तर १ जुलै १९९८ ला वेगळा झाला. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये 'पिंपळनेर तालुका' आहे, आज तो भाग साक्री तालुक्यात येतो.

स्पेलिंगचंही तसंच. जुन्या इंग्रजी कागदांत 'खानदेश' 'के'ऐवजी 'सी'ने आणि 'भिल्ल' दोन 'ई'ने लिहिलेलं असतं.

पायरी ४ : सरकारी अभिलेखागारं

- मुंबई : पुराभिलेख संचालनालय, एल्फिन्स्टन कॉलेजची इमारत. इथे मुंबई इलाख्याची दप्तरं आहेत. राजकीय, न्याय, लष्करी आणि महसूल या चारही विभागांच्या फायली बघा, कारण भिल्ल पलटण लष्कर आणि पोलीस या दोन्हींच्या मधली होती.
- पुणे : पुराभिलेखागार, म्हणजे प्रसिद्ध पेशवे दफ्तर.
- धुळे : इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ. १९२७ पासून इथे जुनी कागदपत्रं जपली आहेत.
- दिल्ली : राष्ट्रीय अभिलेखागार. त्यांच्या 'अभिलेख पटल' या पोर्टलवर घरबसल्या शोधता येतं.
- लंडन : ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या नोंदी.

लंडनच्या याद्यांत गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं भरपूर आहेत. सुभेदार, जमादार कधीकधी सापडतात. साधा शिपाई सापडणं मात्र कठीण आहे.

नावं ओळखायची कशी?

तेव्हाच्या नोंदींत आडनाव बहुतेकदा नसतंच. शिपायाचं नाव, बापाचं नाव, जात, गाव, उंची अशी नोंद असायची. दोन नावांच्या मध्ये 'वलद' किंवा 'बिन' दिसलं तर त्याचा अर्थ 'चा मुलगा'. त्यामुळे एकाच नावाचे चार शिपाई सापडले, तर बापाचं नाव आणि गाव जुळल्याशिवाय कोणालाही आपला पूर्वज ठरवू नका.

याचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे कोरेगाव भीमाचा स्तंभ. १८१८ च्या लढाईतल्या शिपायांची नावं त्यावर कोरली आहेत. त्यातली 'नाक'ने संपणारी नावं महार शिपायांची, हे त्यावरूनच ओळखता येतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आजोबा मालोजी आणि वडील सुभेदार रामजी हेही लष्करात होते.

पण एवढं करून मिळणार काय?

काहींना फक्त उत्सुकता असते. काहींसाठी हा कागदाचा प्रश्न आहे. जात पडताळणीत अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० आणि अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० या तारखा महत्त्वाच्या आहेत, आणि त्याआधीच्या नोंदींना जास्त वजन मिळतं. ज्या घरात शाळेचा उंबरठा पहिल्यांदा ओलांडला गेला तोच १९५० नंतर, त्यांच्यासाठी जात आणि गाव लिहिलेली पलटणीची जुनी नोंद पूरक पुरावा म्हणून जोडण्यासारखी असते. अर्थात मधल्या प्रत्येक पिढीचं नातं कागदाने सिद्ध करावं लागतं.

म्हणून घाई नको. पैसे घेऊन 'तुमची वंशावळ काढून देतो' म्हणणाऱ्यांकडून प्रत्येक नावामागचा मूळ कागद आणि त्याचा फाइल क्रमांक मागा. तो देता आला नाही, तर ती वंशावळ नुसती यादी आहे.

आणि सुरुवात आजच करा. अभिलेखागारातली फाइल पुढच्या वर्षीही जागेवर असेल. आजीच्या आठवणींबाबत तसं म्हणता येत नाही.