जागा घेण्याआधी माणूस बघावा

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय, आणि निमित्त घरचंच आहे. परवा पुतण्या आला होता. त्याला पुण्याजवळ प्लॉट घ्यायचाय. जागा अजून पाहिलेली नाही, पण जमिनीत पैसे कसे गुंतवावेत हे शिकवणाऱ्या एका गुरूंची फी मात्र भरून झाली आहे! वर मला म्हणतो, "काका, तुमच्या वेळी असे मार्गदर्शक नव्हते ना?"

होते रे बाबा. आपल्याच मुलखातली गोष्ट सांगतो.

लक्ष्मणराव किर्लोस्कर आमच्यासारखे मास्तरच. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिकवत होते. डावलले गेले म्हणून नोकरी सोडली आणि बेळगावला भाऊ रामुअण्णांबरोबर सायकलचं दुकान, मग कडबा कापायची यंत्रं, १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते, या समजुतीपायी शेतकरी नांगराला हात लावेनात. तोही काळ गेला, धंदा जरा बसला, तोच नगरपालिकेला त्यांची जागा हवी झाली. वयाची चाळिशी आली आणि कारखाना हलवायचा कुठे, हा प्रश्न.

त्या वेळी औंधला देवीच्या सभामंडपाचं काम लक्ष्मणरावांकडे होतं. त्यातून औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींशी ओळख झालेली. बाळासाहेब १९०९ साली गादीवर आले होते. संस्थान छोटं, तेही विखुरलेलं. औंध आज सातारा जिल्ह्यात, तर आटपाडी आणि कुंडल सांगलीत. बाळासाहेबांनी लक्ष्मणरावांना कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन दिली आणि भांडवलासाठी कर्जही दिलं. जमीन कसली, निवडुंगाचं माळरान. साप मुबलक, पाणी दुर्मिळ. मार्च १९१० मध्ये तिथं किर्लोस्करवाडी सुरू झाली. पुढे स्टेशनलाही तेच नाव मिळालं.

आता यात शिकण्यासारखं काय? एक म्हणजे, माळरान असलं तरी जागा रेल्वेला लागून होती. लोखंड, कोळसा आणायचा आणि नांगर धाडायचे, तर त्या काळी याहून मोठी सोय कोणती? दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. राजेसाहेबांनाही यात स्वार्थ होता. आपल्या मुलखात कारखाना यावा, लोकांना काम मिळावं, हा तो स्वार्थ. पण तो उघड होता आणि त्याच मातीत होता. लक्ष्मणराव बुडाले असते तर कर्जाचे पैसेही बुडाले असते.

आता माझी गोष्ट. १९८४ साली सांगलीत मी एका प्लॉटला पाचशे रुपये इसार देऊन बसलो. तेव्हा ती रक्कम मला मोठी होती. साताऱ्याकडचे एक निवृत्त तलाठी सासऱ्यांचे स्नेही होते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. ते एस.टी.नं आले. सातबारा मागितला आणि मला समोर बसवून वाचायला शिकवला. गाव नमुना सात म्हणजे जमीन कुणाची, बोजा कुणाचा. नमुना बारा म्हणजे पीक काय. मग म्हणाले, "फेरफार बघ. नाव कसं लागलं ते त्यात कळतं." शेतीचे गुंठे पाडून विकलेली ती जागा होती, बिनशेती झालेली नव्हती. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे, हे बी.ए. झालेल्या मला त्या दिवशी कळलं!

मग आम्ही जागेवर गेलो. तात्यांनी विकणाऱ्याला काहीच विचारलं नाही. शेजारच्या म्हातारीला विचारलं, "आजी, पावसाळ्यात पाणी कुठवर येतं?" तिनं कमरेला हात लावला.

इसार बुडाला. घरात आठवडाभर अबोला. पुढे आम्ही उंचावरची, लहानशी, पण कागद स्वच्छ असलेली जागा घेतली. २००५ च्या पुरात ती पहिली जागा पाण्याखाली गेली. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फुटांची पातळी गाठली, तेव्हा तिथल्या घरांत काय उरलं असेल ते सांगायला नको. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ साली आला, कागद सुधारले. पण नदीला कायदा कोण सांगणार?

तात्यांनी माझ्याकडून एस.टी.चं भाडंही घेतलं नाही. २००५ चा पूर ओसरल्यावर त्यांना पत्र लिहावं असं फार वाटलं. पण ते त्याआधीच गेले होते. आभार मानायचे राहूनच गेले.

पुतण्याला एवढंच म्हटलं, तुझ्या गुरूंना विचार, मी बुडालो तर तुमचं काय जाईल? आणि जागा बघायला भर पावसात जा. मीही येतो. गुडघे दुखतात, पण येतो.

असो. तुमच्या घरी असे कुणी तात्या होते का? असतील तर त्यांना आजच फोन करा.