रंगभूमि, राजकारण आणि लंडनचीं उपहासचित्रें

शेरिडनचें 'स्कूल फॉर स्कँडल' हें नाटक आम्हीं वर्गांत किती वेळां शिकविलें याची आतां गणती करवत नाहीं. लेडी टीझल पडद्याआड कशी लपते आणि तो पडदा ऐन वेळीं कसा कोसळतो, हें सांगतांना मुलें हंसत आणि आपण बरें शिकविलें असें आम्हांसहि वाटे. हाच शेरिडन १७८० पासून पार्लमेंटाचा सभासद होता, ड्रुरी लेन नाटकगृहाचा चालक होता आणि अयोध्येच्या बेगमांची बाजू घेऊन वॉरन हेस्टिंग्जवर तुटून पडला होता, ही सारी हकीकत मात्र आम्ही प्रस्तावनेच्या दोन ओळींत गुंडाळीत असूं. नाटककार एक आणि मुत्सद्दी दुसरा, अशी आमची सोईची वांटणी होती. ती वांटणी मोडली एखाद्या ग्रंथानें नव्हे, तर जुन्या इंग्रजी चित्रांच्या एका बाडानें. त्या चित्रांतला शेरिडन तांबड्या नाकाचा, सुटलेल्या पोटाचा. आज रंगभूमीच्या वेषांत, उद्यां कॉमन्स सभेच्या बांकावर. आणि दोन्ही ठिकाणीं नजर पैशाकडे. तीं चित्रें काढणारास त्याच्या दोन भूमिकांत फरकच दिसत नव्हता. तो कां दिसत नव्हता, याचा शोध घेऊं लागलों तेव्हां आम्हांस अठराव्या शतकाच्या आरंभापर्यंत मागें जावें लागलें.

हीं चित्रें वर्तमानपत्रांत येत नसत. सुट्या कागदांवर छापून विकलीं जात. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा पातळ लेप द्यावयाचा, त्यावर सुईनें रेघा ओढावयाच्या आणि पत्रा तेजाबांत घालावयाचा. मेण खरडलेलें असेल तेथें तांबें खाल्लें जाई, आणि त्या चरांत शाई भरून वर ओला कागद दाबला कीं चित्र उमटे. रंग भरावयाचे ते हातानें. साध्या चित्रास सुमारें एक शिलिंग पडे, रंगविलेल्यास दोन किंवा अधिक. म्हणजे मोलमजुरी करणारानें विकत घेण्याची ही वस्तु नव्हे. पण पाहण्यास पैसे कोठें पडत होते? दुकानदार नवें चित्र खिडकीच्या तावदानांत लावी आणि रस्त्यावर गर्दी जमे. जेम्स गिलरे या चित्रकाराचें १८०८ सालचें 'फार निसरडी हवा' या अर्थाच्या नांवाचें एक चित्र आहे. त्यांत एक म्हातारा गृहस्थ हातांत उष्णतामापक घेऊन निसरड्या फरसबंदीवर सपशेल आपटला आहे. आणि मागें हॅना हम्फ्री या बाईच्या दुकानापुढें माणसें त्याच्याकडे पाठ करून खिडकींतलीं चित्रें पाहण्यांत गढून गेलीं आहेत. सेंट जेम्स रस्त्यावरील २७ क्रमांकाचें हें दुकान खरें होतें, खिडकींतलीं चित्रें गिलरेचींच होतीं, आणि गिलरे स्वतः त्याच घरांत राहात होता. श्रीमंतांकरितां आणखीहि एक सोय होती: पाहुणे जेवावयास येणार असले म्हणजे कांहीं दुकानांतून चित्रांचें बाड एका रात्रीपुरतें भाड्यानें मिळे.

शतकाच्या आरंभीं राज्यकर्त्यांची थट्टा करण्याचें मुख्य ठिकाण चित्र नव्हतें, नाटक होतें. १७२८ च्या जानेवारींत जॉन गे याचा 'बेगर्स ऑपेरा' रंगभूमीवर आला आणि पहिल्याच हंगामांत त्याचे बासष्ट प्रयोग झाले. त्यांतले चोर व त्यांच्याशीं संगनमत करणारा दलाल पाहून, हा मुख्य प्रधान वॉलपोलच, असें प्रेक्षक उघड म्हणत. त्याच नाटकाचा प्रसंग विल्यम होगार्थ या तरुण चित्रकारानें पुनःपुन्हां रंगविला. या चित्रांत मोठे लोक रंगमंचावरच दोन्ही बाजूंस बसलेले आहेत, आणि शेवटच्या आवृत्त्यांत नटी लॅव्हिनिया फेंटन हिची दृष्टि नाटकांतील पात्रांवरून निसटून बाजूस बसलेल्या ड्यूक ऑफ बोल्टनकडे जाते. पुढें त्या ड्यूकनें तिच्याशीं लग्नहि केलें. नाटक कोठें संपतें आणि प्रेक्षकवर्ग कोठें सुरू होतो हें त्या चित्रांत सांगतां येत नाहीं. पुढच्या सर्व उपहासचित्रांचें बीज आम्हांस येथें दिसतें.

मग १७३७ साल उजाडलें. हेन्री फील्डिंग हेमार्केटच्या छोट्या नाटकगृहांत एकामागून एक प्रहसनें लावून वॉलपोलची टर उडवीत होता. त्याच वर्षीं 'कॉमन सेन्स' नांवाच्या पत्रांत सोनेरी ढुंगणाच्या देवतेच्या उत्सवाचें एक रूपक आलें, आणि त्यावरून एक चित्रहि निघालें: दुसरा जॉर्ज राजा लाथ झाडणारा अर्धपशु देव, राणी त्यास बस्ति देत आहे, आणि ढेरपोट्या वॉलपोल त्या पूजेंतला जादूगार. या रूपकावर रचलेलें एक नाटक एका नाटकगृहाच्या चालकानें वॉलपोलच्या हातीं दिलें. वॉलपोलनें त्यांतले उतारे सभासदांस दाखविले, सभासद लाजेनें आणि रागानें लाल झाले, आणि नाटकांच्या परवान्याचा कायदा झपाट्यानें मंजूर झाला. तें नाटक मात्र कधीं रंगभूमीवर आलें नाहीं, छापलें गेलें नाहीं, आणि त्याची प्रतहि उरली नाहीं. तें वॉलपोलनेंच लिहवून घेतलें असावें हा संशय तेव्हांपासून आहे. आम्हांसहि तो अगदींच अनाठायीं वाटत नाहीं. या कायद्यानें प्रत्येक नव्या नाटकाची प्रत प्रयोगापूर्वीं चवदा दिवस लॉर्ड चेंबरलेन या दरबारी अधिकाऱ्याकडे धाडणें सक्तीचें झालें. फील्डिंगनें नाटकें सोडलीं आणि तो वकिलीकडे व कादंबरीकडे वळला. लॉर्ड चेंबरलेनची ही सत्ता १९६८ पर्यंत टिकली.

महाराष्ट्रांतील वाचकास यांत परकें कांहीं वाटूं नये. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'ंतला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हें प्रेक्षकांस सांगावें लागलें नाहीं आणि सरकारासहि लागलें नाहीं; १९१० सालीं त्या नाटकावर बंदी आली.

पण इंग्लंडांत एक चमत्कार असा झाला कीं, ज्या चित्रानें राजास अर्धपशु केलें त्या चित्राच्या जातीस या कायद्यानें हात लावला नाहीं. उलट दोनच वर्षें आधीं, १७३५ सालीं, होगार्थच्या खटपटीनें कोरीव चित्रांवर चित्रकाराचा चवदा वर्षेंपर्यंत मालकी हक्क मान्य करणारा कायदा झाला होता. म्हणजे नाटककाराचें तोंड बांधलें गेलें तेव्हां चित्रकाराच्या पदरीं नुकतेंच एक हत्यार पडलें होतें. इंग्रजी स्वातंत्र्याच्या इतिहासांत याचें फार कौतुक होतें. आम्हांस तें कौतुक निम्मेंच पटतें. छापण्यापूर्वीं परवाना घेण्याची रीत १६९५ मध्येंच बंद पडली होती हें खरें. परंतु छापल्यानंतर राजद्रोहाचा किंवा बदनामीचा खटला भरतां येत होताच. तो क्वचित् भरला जाई, कारण चित्रांत नांव नसे. तो लठ्ठ, ओबडधोबड प्राणी म्हणजे आमचे महाराज, हें सरकारी वकिलानें भर न्यायालयांत उभें राहून शपथेवर सिद्ध करावयाचें, आणि बारा पंचांनीं हंसूं आवरावयाचें! चित्र मोकळें राहिलें तें कोणास त्याचा आदर होता म्हणून नव्हे. त्याच्याशीं झगडणारा स्वतःच हास्यास्पद होई म्हणून. शिवाय नाटकगृहांत हजार-दोन हजार माणसें एका वेळीं एकत्र हंसतात आणि त्या हंसण्याची राज्यकर्त्यांस भीति वाटते. खिडकीपुढें उभा राहणारा मनुष्य क्षणभर हंसतो आणि चालूं लागतो. निदान वॉलपोलच्या पिढीस तसें वाटलें.

तें चूक होतें हें १७८३ मध्यें दिसलें. चार्ल्स जेम्स फॉक्सनें ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार पार्लमेंटानें नेमलेल्या सात कमिशनरांच्या हातीं देणारें बिल आणलें. हिंदुस्थानच्या कारभारांतील देणग्या व नेमणुका यांवर फॉक्सच्या पक्षाचा ताबा बसेल ही विरोधकांची ओरड होती. डिसेंबरच्या ५ तारखेस जेम्स सेयर्स या वकिलीचा धंदा सोडलेल्या गृहस्थानें एक चित्र प्रसिद्ध केलें: फॉक्स मोंगली पोशाख चढवून 'कार्लो खान' झाला आहे आणि हत्तीवर बसून लेडनहॉल रस्त्यावरील कंपनीच्या कचेरीकडे मिरवत निघाला आहे. हत्तीचें तोंड फॉक्सचा नवा मित्र लॉर्ड नॉर्थ याचें, आणि पुढें कर्णा फुंकीत चाललेला चोपदार म्हणजे एडमंड बर्क. निशाणावरचें 'लोकांचा माणूस' हें फॉक्सचें लाडकें बिरुद खोडून तेथें ग्रीक भाषेंत 'राजांचा राजा' असें लिहिलें आहे. चित्र म्हणून तें फारसें सुबक नाहीं. सेयर्सचा हात गिलरेच्या शतांशहि नव्हता. पण नाटक म्हणून पाहा: पोशाख, वाहन, वाद्य, मिरवणूक, आणि पडदा पडतांना राहणारा एकच ठसा, कीं हा मनुष्य हिंदुस्थानचा बादशहा होऊं पाहतो! बिल कॉमन्समध्यें मंजूर झालें. १७ डिसेंबर रोजीं लॉर्डांच्या सभेनें तें फेटाळलें. राजानें मंत्रिमंडळास घालवून दिलें. यांत राजाच्या कारस्थानाचा भाग मोठा होता, हें विसरतां येत नाहीं. तथापि पार्लमेंटांतल्या वादविवादांपेक्षां सेयर्सच्या चित्रांनीं आपलें अधिक नुकसान केलें, असें फॉक्स स्वतः म्हणाल्याचें लॉर्ड एल्डननें नमूद केलें आहे. पिट अधिकारावर आल्यावर सेयर्सला सरकारी जागा मिळाली, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

फॉक्सनंतर हेस्टिंग्जची पाळी आली. वेस्टमिन्स्टर हॉलमधील हा खटला १७८८ च्या फेब्रुवारींत सुरू झाला आणि १७९५ च्या एप्रिलांत निर्दोष सुटकेनें संपला. पण पहिल्या उन्हाळ्यांत तो लंडनमधला सर्वांत गाजलेला नाट्यप्रयोग होता. शेरिडनचें बेगमांच्या प्रकरणावरील भाषण जून महिन्यांत चार दिवस चाललें आणि त्या वेळीं प्रवेशपत्रिका पन्नास गिनींपर्यंत विकल्या गेल्या असें सांगतात. भाषणाच्या अखेरीस तो बर्कच्या बाहूंत मूर्च्छित होऊन पडला. इतिहासकार गिबन त्या वेळीं लंडनांत होता. दुसऱ्या दिवशीं तो चौकशीस गेला तों शेरिडन अगदीं ठणठणीत! नट चांगला आहे, असा शेरा गिबननें एका पत्रांत मारला आहे. या खटल्यावर गिलरेनें काढलेलीं दोन चित्रें शेजारीं ठेवून पाहावींत. १७८६ च्या चित्रांत हेस्टिंग्ज हिंदुस्थानचा तारणहार, पागोटें घालून उंटावर बसलेला, आणि त्याच्यावर बर्क, फॉक्स व नॉर्थ हे लुटारू चालून येत आहेत. १७८८ च्या चित्रांत तोच हेस्टिंग्ज पैशाच्या थैल्या छातीशीं धरून लॉर्ड चॅन्सेलर थर्लो याच्या खांद्यावर बसला आहे, आणि थर्लो रक्ताच्या समुद्रांतून, हिंदी माणसांच्या तरंगत्या प्रेतांमधून वाट काढीत आहे. चित्रकार तोच, दुकानदारीहि तीच. पहिलें चित्र पाहून राग येतो आणि दुसरें पाहून अंगावर कांटा येतो. पण दोन्ही चित्रें एकाच हाताचीं आहेत हें कळल्यावर दुसऱ्या चित्रांतली करुणा कितपत खरी मानावी, हा प्रश्न आम्हांस अजून सुटलेला नाहीं.

मराठी वाचकास जवळचें असें गिलरेचें आणखी एक चित्र १७९१ च्या डिसेंबरांतलें आहे. मे महिन्यांत कॉर्नवॉलिसला श्रीरंगपट्टणापुढून माघार घ्यावी लागली. तो उपाशी फौज घेऊन परतीच्या वाटेस लागतो न लागतो तोंच हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा येऊन मिळाल्या आणि मराठ्यांच्या लष्करी बाजारांतून इंग्रजांच्या पोटांत अन्न गेलें. गिलरेनें माघारीचें कारण म्हणून सांगितलेल्या पावसाळ्यास भलतेंच रूप दिलें: टिपू तटावर उभा राहून खालीं गाढवावरून पळणाऱ्या कॉर्नवॉलिसवर मूत्रवृष्टि करीत आहे. स्वतःच्या सेनापतीचें असें चित्र राजधानीच्या भर रस्त्यावर टांगूं देणारें राष्ट्र, हें आमच्या पूर्वजांस कळलें असतें तर त्यांस काय वाटलें असतें कोण जाणे.

त्याच महिन्यांत गिलरेनें शेक्सपिअरलाहि कामास लाविलें. चित्रकार फ्यूसेलीनें 'मॅकबेथ'मधल्या तीन चेटकिणी एका ओळींत रंगविल्या होत्या. गिलरेनें त्या ठिकाणीं डंडास, पिट आणि थर्लो यांचीं तोंडें बसविलीं. तिघेहि ओठांवर बोट ठेवून चंद्राकडे पाहात आहेत. चंद्राच्या उजळलेल्या कोरींत राणीचा हंसरा चेहरा आहे आणि काळोख्या भागांत निजलेला राजा. तिसऱ्या जॉर्जला १७८८ मध्यें वेडाचा झटका येऊन गेला होता. रंगभूमीवर अशी एक ओळ उच्चारण्याची कोणाची छाती झाली असती? येथें मात्र तेंच 'मॅकबेथ', आणि परवाना कोणाचाच नाहीं.

आणि मग शेरिडनचें 'पिझारो'. १७९९ च्या २४ मे रोजीं हें जर्मन नाटककार कोत्झेब्यूवरून रचलेलें नाटक ड्रुरी लेनवर आलें. पेरू देशावर चालून आलेल्या स्पॅनिश लुटारूंविरुद्ध त्यांत जीं भाषणें आहेत तीं ऐकून, फ्रेंचांच्या स्वारीच्या धास्तींत असलेले प्रेक्षक वेडे झाले. त्यांत नवें कांहीं नाहीं, हें सारें मीं हेस्टिंग्जच्या खटल्यांत ऐकलें आहे, असें पिट म्हणाला म्हणतात. आणि त्यांत तथ्य आहे. जी वाणी कंपनीच्या लुटीविरुद्ध कमावली होती तीच आतां इंग्लंडच्या संरक्षणासाठीं तिकिटें खपवीत होती. गिलरेनें ४ जून रोजीं, म्हणजे अकराव्या दिवशीं, चित्र काढलें: शेरिडनच पिझारो झाला आहे आणि आपल्या नव्या खाणींतून निघालेलें सोनें हावरटपणें न्याहाळीत आहे. या एका चित्रानें नाटककार आणि मुत्सद्दी यांची आमची जुनी वांटणी पुसली.

परंतु चित्रकाराचें स्वतःचें काय? १७९६ च्या आरंभीं राजकन्येच्या जन्मावरील एका चित्राबद्दल गिलरेस पकडण्यांत आलें. खटला पुढें चालला नाहीं. दुसऱ्या वर्षीं त्यास पिटच्या सरकाराकडून वर्षास दोनशें पौंडांचें गुप्त वेतन सुरू झालें, आणि फॉक्स व शेरिडन यांचीं फ्रेंच टोप्या घातलेलीं खुनशी चित्रें पूर्वींपेक्षां दाट येऊं लागलीं. 'पिझारो'चें चित्र याच काळांतलें आहे. राजघराण्यानें पुढें हा मार्ग अधिक सरळपणें चोखाळला: चौथ्या जॉर्जच्या पैशानें कित्येक चित्रांच्या प्रती व पत्रे विकत घेऊन दडपण्यांत आले, आणि १८२० सालीं जॉर्ज क्रुइकशँक या चित्रकारानें महाराजांस कोणत्याहि अनीतिकारक प्रसंगांत न दाखविण्याच्या बोलीवर शंभर पौंडांची पावती लिहून दिली. नाटकावर ठेवलेला दरबारी अधिकारी निदान उघडपणें बसलेला होता. चित्रावर असा कोणी नव्हता. तेथें हिशेबाची वही होती, आणि ती कोणास दिसत नव्हती.

गिलरेची दृष्टि क्षीण होत गेली, १८११ च्या सुमारास त्याचें चित्त भ्रमलें, आणि हम्फ्रीबाईंच्या घरांत त्यांच्याच सांभाळाखालीं तो १८१५ मध्यें वारला. शेरिडन पुढच्याच वर्षीं कर्जांत बुडून गेला. त्याचें ड्रुरी लेन त्यापूर्वींच, १८०९ मध्यें, जळून खाक झालें होतें. गिलरेचे तांब्याचे पत्रे शतकाच्या मध्याच्या सुमारास बोन नांवाच्या प्रकाशकाच्या हातीं आले. त्यानें त्यांवरून पुन्हां चित्रें छापलीं, पण व्हिक्टोरिया राणीच्या काळच्या सभ्य गृहस्थास दाखवितां येणार नाहींत अशीं कांहीं बाजूस काढून त्यांचा वेगळा खंड केला, आणि तो ज्याला पाहिजे त्याला निराळा विकला.