विराटच्या विमानांनी पाडलेली तीन विमानं, आणि वाचलेली दोन माणसं

नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ‘आयएनएस विराट’चं संग्रहालय करायला मंजुरी दिली होती, आठवतंय? आपल्या सिंधुदुर्गात, निवतीजवळच्या समुद्रात. खर्च ८५२ कोटी. ती बातमी मीही मोठ्या हौसेनं लिहिली होती. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. सप्टेंबर २०२० मध्ये विराट मुंबईहून अलंगला ओढत नेली आणि तिथं तिचं भंगार झालं.

तेव्हा आपण पर्यटन, हॉटेलं, रोजगार यावर भरपूर बोललो. तिचा इतिहास फारसा कुणी काढला नाही. त्यातला एक दिवस आज सांगतो. थोडं लांबेल, पण वाचा.

विराट आपल्या नौदलात दाखल झाली १२ मे १९८७ रोजी. त्याआधी ती ब्रिटिशांची ‘एचएमएस हर्मीस’. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश ताफ्याचं नेतृत्व तिच्याकडे होतं. समोर अर्जेंटिनाकडेही एक विमानवाहू नौका होती, ‘वेंतिसिंको दे मायो’, म्हणजे ‘२५ मे’. गंमत म्हणजे तीही मूळची ब्रिटिशांनीच बांधलेली. तिच्यावर अमेरिकन बनावटीची स्कायहॉक विमानं असायची. २ मे रोजी ब्रिटिश पाणबुडीनं अर्जेंटिनाची ‘जनरल बेल्ग्रानो’ बुडवली, ३२३ माणसं गेली. त्यानंतर ‘२५ मे’ बंदरात परतली ती परतलीच. तिची स्कायहॉक मग देशाच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रांदेच्या तळावरून उडायला लागली.

विमानं जुनी. १९७७ पासून अमेरिकेनं शस्त्रबंदी घातलेली, त्यामुळे सुट्या भागांची बोंब. संकटात वैमानिकाला बाहेर फेकणारी खुर्ची ऐनवेळी चालेल की नाही, याचाही भरवसा नव्हता.

२१ मे १९८२. ब्रिटिश सैन्य बेटांवर उतरत होतं. तीन स्कायहॉक निघाली. एकेकट्या वैमानिकाची विमानं. पुढे आल्बेर्तो फिलिप्पी, सोबत होसे आर्का आणि मार्सेलो मार्केझ. ‘आर्डंट’ ही ब्रिटिश युद्धनौका आधीच्या हल्ल्यात जखमी झाली होती. तिघांनी पाण्याला घासून जावं इतक्या खालून येऊन तिच्यावर बॉम्ब टाकले. आर्डंट दुसऱ्या दिवशी बुडाली. तिच्यावरचे २२ जण मेले.

परतताना तिघांना हर्मीसवरच्या दोन सी हॅरियरनी गाठलं. फिलिप्पीच्या विमानाला साइडवाइंडर क्षेपणास्त्र लागलं. मार्केझचं विमान तोफेच्या माऱ्यानं हवेतच फुटलं. तो तिथंच गेला. आर्काच्या विमानाची चाळणी झाली, तरी ते उडत राहिलं.

आर्का कसाबसा पोर्ट स्टॅनलीपर्यंत पोचला. बेटांची ही राजधानी तेव्हा अर्जेंटिनाच्या ताब्यात होती. पण विमानाची चाकं धड नव्हती, उतरणं अशक्य. त्यानं पाण्यावर उडी घेतली. खुर्ची चालली. रिकामं विमान मात्र पडेचना, तिथंच घिरट्या घालायला लागलं. शेवटी त्यांच्याच तोफांना ते पाडावं लागलं. पाण्यात पडलेल्या आर्काला त्यांच्या लष्कराच्या हेलिकॉप्टरनं अगदी पाण्यालगत उतरून उचललं.

फिलिप्पीची गोष्ट वेगळी. तोही खुर्चीसकट बाहेर फेकला गेला, बर्फासारख्या पाण्यात पडला आणि पोहत किनाऱ्याला लागला. मे महिना म्हणजे तिकडे हिवाळ्याचं तोंड. माणूस नाही, झाड नाही, नुसता वारा आणि मेंढ्या. अशा मुलखात त्यानं उघड्यावर रात्री काढल्या, चालत राहिला.

शेवटी त्याला भेटला तिथल्या मेंढपाळीच्या शेतावरचा एक बेटवासी. म्हणजे ज्यांच्या बेटांवर अर्जेंटिनानं सैन्य घुसवलं, त्यांच्यातलाच एक. शत्रूचा वैमानिक एकटा, थकलेला, समोर उभा. काय करायचं? त्या माणसानं त्याला घरी नेलं, खाऊ घातलं. नंतर अर्जेंटिनाचे लोक येऊन त्याला घेऊन गेले आणि फिलिप्पी जिवंत मायदेशी पोचला.

या माणसाला कुणी हुकूम दिला नव्हता. आपल्याकडे बुडणाऱ्याला होडीत ओढताना कुणी आधी गाव-जात विचारत नाही, तसंच हे. यातून फिलिप्पी संत ठरत नाही, आर्डंटवरच्या २२ जणांची घरं काही परत उभी राहिली नाहीत. मार्केझच्या घरच्यांचंही तेच. पण त्या दिवसाचा हिशोब मांडताना हा घासही धरायला हवा.

आता शेवटचं. ‘२५ मे’ हीसुद्धा पुढे मोडीत निघाली. २००० च्या सुमारास तिला तोडायला कुठं आणलं, माहितेय? अलंगला. आणि वीस वर्षांनी विराटही तिथंच. ज्या दोन नौकांची विमानं एकमेकांच्या जिवावर उठली होती, त्या एकाच किनाऱ्यावर, गॅस कटरखाली संपल्या.

लोखंड विकलं गेलं, त्याचं मला फार दुःख नाही. कुठलीच नौका कायमची नसते. पण निवतीला ते संग्रहालय झालं असतं, तर शाळेच्या सहलीला आलेल्या एखाद्या पोरीनं विचारलं असतं, “या बोटीवरून उडालेल्या विमानांनी ज्यांना पाडलं, त्यांचं पुढे काय झालं?” आणि कुणीतरी तिला फिलिप्पी, आर्का, मार्केझ ही नावं सांगितली असती. त्या मेंढ्यांच्या शेतावरच्या घराबद्दलही सांगितलं असतं.

ते ८५२ कोटी कागदावरच राहिले. गोष्ट सांगायला मात्र मंजुरी लागत नाही. म्हणून सांगितली.