सन १५०८ : चौलच्या खाडीतील विजय आणि निसटलेला समुद्र

पनवेल : सोळाव्या शतकाच्या आरंभीची वर्षे म्हटली की युरोपातील कलावंत आणि नव्या खंडांचे शोध डोळ्यांसमोर येतात. मात्र सन १५०८ मधील एक महत्त्वाची घटना आपल्या रायगड जिल्ह्यात घडली आहे. पनवेलहून वडखळमार्गे अलिबाग आणि तेथून पुढे रेवदंडा गाठले की कुंडलिका नदीचे मुख लागते. याच खाडीत मार्च १५०८ मध्ये चौलची लढाई झाली. हिंदी महासागरात पोर्तुगीज आरमाराला पत्करावा लागलेला हा पहिला मोठा पराभव होय.

लढाईची पार्श्वभूमी

वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोहोचल्यापासून मिरीच्या व्यापारावर पोर्तुगीजांची नजर होती. तोपर्यंत हा माल तांबड्या समुद्रातून इजिप्तला आणि तेथून व्हेनिसला जात असे. या व्यापारावर इजिप्तच्या मामलुक सुलतानाला जकात मिळे, तर व्हेनिसला नफा. पोर्तुगीजांनी समुद्रात जहाजे अडविण्यास सुरुवात करताच दोघांचेही नुकसान होऊ लागले. अखेर सुलतान कान्सुह अल-घुरी याने अमीर हुसेन याच्या नेतृत्वाखाली आरमार पाठविले. हे आरमार १५०७ मध्ये दीवला पोहोचले. दीवचा कारभार गुजरातचा सुलतान महमूद बेगडा याच्या वतीने मलिक अय्याज पाहत होता.

चौल त्यावेळी अहमदनगरच्या निजामशाहीत होते. प्राचीन काळापासून नांदते असलेल्या या बंदरातून घाटमाथ्यावरील कापड परदेशी जाई, तर अरबस्तान आणि इराणचे घोडे येथे उतरत. पनवेल तालुक्यातील कर्नाळा किल्ल्यालाही महत्त्व आले ते किनारा आणि बोरघाट यांना जोडणाऱ्या अशाच व्यापारी वाटांमुळे.

खाडीत काय घडले?

पोर्तुगीजांचा पहिला व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याचा मुलगा लोरेन्सो व्यापारी जहाजांच्या संरक्षणासाठी लहानसा तांडा घेऊन चौलला आला होता. खाडीच्या मुखाशी जहाजे दिसली, तेव्हा ती आपल्याच आल्बुकर्कची असावीत असा पोर्तुगीजांचा समज झाला. प्रत्यक्षात ती अमीर हुसेनची होती. प्रारंभी तोफांचा मारा चालला, पण निकाल लागेना. मलिक अय्याज आपल्या हलक्या नौका घेऊन दाखल झाला आणि पारडे फिरले.

पोर्तुगीजांनी खाडीतून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. इतर जहाजे निसटली, परंतु लोरेन्सोच्या जहाजाला तोफगोळा लागून आत पाणी शिरले. त्यातच ते मासेमारीसाठी खाडीत रोवलेल्या खांबांमध्ये अडकले. गोळ्याने पाय मोडल्यावर लोरेन्सोने स्वतःला डोलकाठीपाशी बसवून घेतले आणि मृत्यू येईपर्यंत तो हुकूम देत राहिला, असे पोर्तुगीज बखरकार सांगतात. जिवंत हाती लागलेल्या खलाशांना मलिक अय्याजने चांगली वागणूक दिली आणि व्हाइसरॉयला सांत्वनाचे पत्र पाठविले.

त्या वर्षी जगात

* ४ फेब्रुवारी : मॅक्सिमिलियन पहिला याने इटलीतील ट्रेंटो येथे ‘निर्वाचित रोमन सम्राट’ ही पदवी धारण केली.
* मे : मायकेल अँजेलोने रोममधील सिस्टाईन चॅपेलचे छत रंगविण्याचे काम स्वीकारले. ते १५१२ मध्ये पूर्ण झाले. राफाएलही याच वर्षी रोममध्ये आला.
* इराणचा शाह इस्माईल याने बगदाद जिंकले.
* सेबास्तियन द ओकांपो याने क्युबाला प्रदक्षिणा घालून ते बेट असल्याचे सिद्ध केले.
* १० डिसेंबर : व्हेनिसविरुद्ध युरोपातील सत्तांनी कांब्रे येथे युती केली. मिरीच्या व्यापारात मार खाल्लेल्या व्हेनिससमोर आता युरोपातही संकट उभे राहिले.

जन्म आणि मृत्यू

६ मार्च रोजी काबूल येथे बाबरचा मुलगा हुमायून याचा जन्म झाला. पुढे दिल्लीचे तख्त त्याला मिळाले, गेले आणि पुन्हा मिळाले. नामवंत वास्तुरचनाकार आंद्रेया पालादिओ ३० नोव्हेंबर रोजी पादुआ येथे जन्मला. मिलानचा पदच्युत ड्यूक लुदोविको स्फोर्झा २७ मे रोजी फ्रान्सच्या कैदेत मरण पावला. लिओनार्दो द विंचीचे ‘द लास्ट सपर’ हे चित्र त्याच्याच आश्रयाने साकारले होते.

सूड आणि परिणाम

चौलच्या विजेत्यांना आपल्या यशाचा लाभ उठविता आला नाही. इजिप्तहून कुमक मिळेना. मलिक अय्याजला दीवची काळजी होती. अमीर हुसेन आणि त्याच्यात विश्वासही उरला नव्हता. आल्मेदा मात्र पुत्रशोकाने पेटला होता. डिसेंबर १५०८ मध्ये आल्बुकर्क कारभार हाती घेण्यासाठी कण्णूरला आला, तेव्हा आल्मेदाने अधिकार सोडण्यास नकार दिला आणि तो आरमार घेऊन उत्तरेकडे निघाला. वर्षअखेरीस आदिलशाहीतील दाभोळ बंदर त्याने जाळले आणि तेथील रहिवाशांची कत्तल केली. चौलच्या लढाईशी संबंध नसलेल्या लोकांना ही किंमत मोजावी लागली. ३ फेब्रुवारी १५०९ रोजी दीव येथे त्याने संयुक्त आरमाराचा निर्णायक पराभव केला.

त्यानंतर १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांकडे गेले. १५२१ मध्ये बुरहान निजामशहाच्या परवानगीने त्यांनी चौललाच ठाणे बांधण्यास घेतले. जेथे पराभव झाला, तेथेच ते दोनशे वर्षांहून अधिक काळ राहिले. १७४० मध्ये मराठ्यांनी चौल आणि कोर्लई त्यांच्याकडून घेतले. कोर्लईत बोलली जाणारी पोर्तुगीज वळणाची बोली ही त्या काळाची जिवंत खूण आहे.

रेवदंड्याला जाणारे पर्यटक पोर्तुगीजांचा पडका तट पाहून परततात. तो तट १५०८ नंतरचा आहे. त्या लढाईची साक्षीदार आहे ती समोरची खाडी. तेथे एक दिवस समुद्र आपल्या बाजूच्या लोकांनी राखला होता. तो टिकवायला लागणारी एकजूट मात्र वर्षभरही टिकली नाही.