मधुमेह नियंत्रणात वनस्पतिजन्य पोषकद्रव्यांचे स्थान

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या 'इंडियाब' या राष्ट्रव्यापी सर्वेक्षणाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १०.१ कोटी व्यक्तींना मधुमेह असून आणखी १३.६ कोटी व्यक्ती मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. गोव्यात हे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक आढळले. औषध, व्यायाम आणि आहार ही या विकाराच्या उपचाराची तीन अंगे होत. धान्ये, कडधान्ये, भाज्या आणि बिया यांतील घटक रक्तशर्करा आटोक्यात ठेवण्यास साहाय्य करतात. मात्र ते औषधाची जागा घेऊ शकत नाहीत.

तंतूंचे कार्य

वनस्पतिजन्य अन्नातील तंतुमय पदार्थ आतड्यांत पचत नाहीत. त्यांचे द्राव्य आणि अद्राव्य असे दोन प्रकार आहेत. मेथीदाणे, इसबगोल, ओट, भेंडी व कडधान्ये यांतील द्राव्य तंतू पाण्यात फुगून बुळबुळीत होतात. त्यामुळे अन्न जठरातून सावकाश पुढे सरकते, ग्लुकोजचे शोषण मंदावते आणि जेवणानंतर रक्तशर्करा एकदम वाढत नाही. कोंड्यातील अद्राव्य तंतू मुख्यतः मलावरोध दूर करतात.

अमेरिकेतील डॅलस येथे झालेल्या व २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात प्रकार २ मधुमेहाच्या १३ रुग्णांना प्रत्येकी सहा आठवडे दोन प्रकारचा आहार देण्यात आला. एकात दररोज २४ ग्रॅम, तर दुसऱ्यात ५० ग्रॅम तंतू होते. अधिक तंतूंच्या आहाराने दिवसभरातील रक्तशर्करेची पातळी सुमारे १० टक्क्यांनी कमी राहिली. हे तंतू पपई, संत्रे, भेंडी, रताळे, ओट अशा साध्या खाद्यपदार्थांतूनच मिळविलेले होते. प्रयोग लहान असला, तरी नेहमीच्या अन्नातूनही लाभ होऊ शकतो, हे त्याने दाखविले.

धान्यांची निवड

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यानुसार १०० ग्रॅम कच्च्या पांढऱ्या तांदळात सुमारे २.८ ग्रॅम तंतू असतात. ज्वारीत ते सुमारे १०, नाचणीत ११ आणि बाजरीत ११.५ ग्रॅम असतात. म्हणून भाताचा काही भाग कमी करून त्याजागी भाकरी घेणे हितावह ठरते. तथापि भाकरीतही पिष्टमय पदार्थ भरपूर असल्याने तिचे प्रमाण मर्यादित ठेवावे लागते. धान्य बारीक दळून पातळ शिजविल्यास ते लवकर पचते. त्यामुळे नाचणीची पेज आणि नाचणीची भाकरी यांचा रक्तशर्करेवरील परिणाम सारखा नसतो.

डाळी, उसळी, पालेभाज्या व शेंगदाणे यांतून तंतूंबरोबर मॅग्नेशियमही मिळते. इन्सुलिनचे कार्य सुरळीत चालण्यासाठी हे खनिज आवश्यक असते.

मेथी, कारले आणि सावधगिरी

मेथीदाण्यांवर राष्ट्रीय पोषण संस्थेने महत्त्वाचे संशोधन केले. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात स्निग्धांश काढलेली १०० ग्रॅम मेथीपूड दररोज दोन जेवणांत विभागून, पोळीसारख्या पदार्थातून देण्यात आली आणि रक्तशर्करा घटल्याचे दिसून आले. एवढी मात्रा रोजच्या आहारात पेलणे कठीण आहे. चमचाभर भिजविलेल्या मेथीकडून तितक्याच परिणामाची अपेक्षा करणे योग्य नव्हे.

कारल्याची भाजी आहारात असण्यास हरकत नाही. परंतु त्याचा रस हा उपचार मानण्याइतका भक्कम पुरावा उपलब्ध नाही. इन्सुलिन किंवा रक्तशर्करा उतरविणाऱ्या गोळ्या चालू असताना मोठ्या प्रमाणात मेथीपूड वा कारल्याचा रस घेतल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. घाम, थरथर, भोवळ ही त्याची लक्षणे होत. दुधीचा रस कडू लागल्यास तो मुळीच पिऊ नये. २०१० मध्ये दिल्लीत असा रस प्यायल्याने एका व्यक्तीचा मृत्यू झाल्यानंतर नेमलेल्या तज्ज्ञ समितीनेही हाच इशारा दिला.

शाकाहारी रुग्णांसाठी

मेटफॉर्मिन हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या शरीरात ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता निर्माण होऊ शकते. हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून जवळजवळ मिळतच नाही. त्यामुळे शाकाहारी रुग्णांना दुहेरी धोका संभवतो. हातापायांना येणाऱ्या मुंग्या केवळ मधुमेहामुळेच आहेत असे न मानता वैद्यकीय सल्ल्याने ब-१२ ची तपासणी करून घ्यावी.

आहाराची आखणी

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीने दररोज किमान ४०० ग्रॅम भाज्या व फळे आणि २५ ग्रॅम तंतू घ्यावेत. ताटाचा सुमारे अर्धा भाग भाज्या व कोशिंबिरीने भरावा, उरलेल्या भागात डाळ वा उसळ आणि मोजकी भाकरी, पोळी किंवा भात असावा. रसाऐवजी अख्खे फळ खावे. तंतूंचे प्रमाण हळूहळू वाढवावे व पाणी पुरेसे प्यावे, अन्यथा पोट फुगण्याचा त्रास होतो. मूत्रपिंडाचा विकार असल्यास पालेभाज्या, फळे व डाळी यांचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

आहारातील बदलाने रक्तशर्करा उतरू लागल्यास औषधाची मात्रा कमी करता येऊ शकते. मात्र तो निर्णय तपासणीच्या आधारे डॉक्टरांनी घ्यावयाचा असतो. रुग्णाने परस्पर औषध बंद करू नये.