मोलीझे, जिल्हा भंडारा

पुण्यात नवीन माणूस भेटला की दुसरा प्रश्न ठरलेला असतो. "गाव कुठलं?" मी म्हणतो, गोंदिया. मग समोरचा दोन सेकंद डोक्यातला नकाशा चाळतो आणि म्हणतो, "म्हणजे नागपूरच ना?" नागपूर नाही हो, नागपूरहून रेल्वेने अजून दोनेक तास पुढे. "ते मध्य प्रदेशात येतं ना?" हेही ऐकून झालंय. सवय झाली आता :)

सध्या प्रोजेक्टचा क्लायंट इटलीतला, तोरिनोचा आहे. पुढेमागे तिकडे जावं लागेल म्हणून शनिवारी सकाळी इटालियनचा क्लास लावला. तर पहिल्याच धड्यात काय असावं? "दी दोवे सेई?" म्हणजे, तू कुठला? म्हटलं, झालं... इथेही सुटका नाही.

पाच-सहा धड्यांनंतर इटलीचा नकाशा आला. वीस प्रदेश, वीस रंग, सगळे पाठ करायचे. कारण भाषेत ते पावलोपावली लागतात. शहराला 'आ' लावायचं, प्रदेशाला 'इन': आ मिलानो, इन लोम्बार्दिया. लात्सियोसारखं एखादं पुल्लिंगी नाव आलं की 'नेल लात्सियो'. सोबत प्रत्येक प्रदेशाचं मुख्य शहर, नद्या, पिकं. उत्तरेत पो नदीच्या खोऱ्यात वेर्चेल्ली आणि नोवाराच्या आसपास मैलोन्‌मैल भातशेती आहे, हे वाचून एकदम घरचं वाटलं. (तांदळाला इटालियनमध्ये 'रीसो' म्हणतात आणि हसण्यालाही 'रीसो'च म्हणतात. आमच्याकडच्या धानाचा भाव बघता दोन्हीला एक शब्द ठेवणं काही वाईट नाही.)

पण मी अडकलो तो मोलीझेपाशी. नकाशाच्या मध्याच्या जरा खाली, एड्रियाटिक समुद्राला टेकलेला एक छोटा तुकडा. बाई म्हणाल्या, इटलीत यावर एक प्रसिद्ध विनोद आहे: "इल मोलीझे नॉन एझीस्ते". मोलीझे अस्तित्वातच नाही! कुणी तिथे गेलेलं नसतं, तिथला माणूस कुणाला भेटलेला नसतो. सगळा वर्ग हसला. मला काही हसू आलं नाही. घरी येऊन वाचत बसलो आणि तो पूर्ण विकांत त्यातच गेला.

पुस्तकातले वीस रंग बघून वाटतं, हे प्रदेश रोमन काळापासून असेच असणार. तसं अजिबात नाही. इटलीचं राज्य १८६१ साली एक झालं, व्हेनिस १८६६ ला आणि रोम १८७० ला त्यात आलं. १८६४ च्या सुमारास पिएत्रो माएस्त्री नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने (हा मुळात डॉक्टर) आकडेवारी छापण्याच्या सोयीसाठी देशाचे विभाग पाडले. या विभागांना ना विधानसभा होती, ना कारभारी. नुसते तक्त्यांचे रकाने. पण १९४८ च्या राज्यघटनेत प्रदेशांची यादी करताना बहुतेक तेच रकाने घेतले गेले आणि साध्या प्रदेशांच्या पहिल्या निवडणुका व्हायला १९७० उजाडलं. कुणीतरी एका रिपोर्टसाठी बनवलेलं टेंपररी टेबल पुढे प्रॉडक्शनमध्ये कायमचं राहतं ना, तसंच.

त्या १९४८ च्या यादीत मोलीझे स्वतंत्र नव्हता. 'अब्रुत्झी ए मोलीझे' असा एकच जोडप्रदेश होता. वेगळं व्हायचं तर घटनेची अट होती की नव्या प्रदेशाची लोकसंख्या किमान दहा लाख हवी. मोलीझेत तेव्हा माणसं चार लाखांच्या आसपास. म्हणजे विषय संपला? नाही. घटनेच्या शेवटी, संक्रमणकाळासाठीच्या तरतुदींमध्ये अकरावी तरतूद होती. पहिल्या पाच वर्षांत ही अट न पाळताही नवा प्रदेश करता येईल, अशी. पाच वर्षं गेली, काही झालं नाही. मग १९५८ साली मुदत वाढवून ३१ डिसेंबर १९६३ केली. आणि मोलीझेला वेगळं करणाऱ्या घटनात्मक कायद्याची तारीख आहे २७ डिसेंबर १९६३. डेडलाइनच्या चार दिवस आधी! आमचे सगळे रिलीज असेच होतात, त्यामुळे या लोकांबद्दल मला लगेच आपुलकी वाटली.

असा तो विसावा प्रदेश, सगळ्यात धाकटा. मग १९७० मध्ये त्यातल्या एकुलत्या एका कांपोबास्सो प्रांतातून इझेर्निया नावाचा दुसरा प्रांत काढला. म्हणजे १९६० साली इझेर्नियात जन्मलेल्या माणसाचा जन्म 'कांपोबास्सो प्रांत, अब्रुत्झी ए मोलीझे' इथला. घर तेच, पण तेव्हाच्या पत्त्यातला प्रांतही गेला आणि प्रदेशही.

इथे मी थांबलो. कारण हे मी आधी पाहिलंय, इटालियनमध्ये नाही, आमच्या घरी.

माझा जन्म १९९८ चा, तिरोड्याचा. जन्मदाखल्यावर छापलंय: जिल्हा भंडारा. गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ ला. त्यामुळे माझा दाखला एक सांगतो आणि त्यानंतरचे सगळे कागद दुसरं सांगतात. एका कार्यालयात (कुठल्या ते जाऊ द्या) मला तीन चकरा मारायला लावल्या होत्या. खिडकीमागच्या बाईंचं म्हणणं, "तुम्ही नक्की कुठले ते आधी ठरवा." मी जिल्हानिर्मितीच्या अधिसूचनेची प्रत काढून नेली तेव्हा कुठे काम झालं.

आजोबांचं तर विचारूच नका. त्यांचा जन्म १९३६ चा, तेव्हा आमचं गाव 'मध्य प्रांत आणि वऱ्हाड'मध्ये होतं. १९५० ला तेच मध्य प्रदेश झालं, राजधानी नागपूर. १९५५ च्या राज्य पुनर्रचना आयोगाने वेगळा विदर्भ सुचवला होता, तो झाला नाही. १९५६ ला मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. १९६० ला महाराष्ट्र. १९९९ ला जिल्हाच बदलला. चार राज्यं, दोन जिल्हे आणि घर एकच, तेही मातीचं. आजोबा म्हणायचे, "आमी त इथंच होतो, सरकारच हालत राहिलं."

ते हसत सांगायचे, पण त्यात एक दुखणं होतं. त्यांची मोठी बहीण बालाघाटकडे दिलेली. लग्न झालं तेव्हा एकच राज्य होतं. १९५६ नंतर वैनगंगा आणि बाघ नदीपलीकडे दुसरं राज्य झालं. यायला-जायला कुणी अडवत नव्हतं. पण भाचे हिंदी शाळेत गेले, आमच्याकडची मुलं मराठी. पुढच्या पिढीत पत्रं कमी झाली. घरात पोवारी बोलत होते तोवर जमलं, नंतर तीही दोन्हीकडे पातळ झाली.

मोलीझे आणि अब्रुत्झोच्या मध्ये बऱ्याच अंतरापर्यंत त्रिन्यो नदी आहे. १९४३ च्या शरद ऋतूत आठव्या भारतीय डिव्हिजनने जर्मनांशी लढत ही नदी ओलांडली. त्या डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण होती. त्यांनी ओलांडली तेव्हा दोन्ही काठ एकाच प्रदेशात होते. पुढे उत्तरेला सांग्रो नदीच्या युद्ध-दफनभूमीत, ज्यांचं दहन झालं अशा पाचशेहून जास्त भारतीय सैनिकांचं स्मारक आहे. याच पलटणीच्या शिपाई नामदेव जाधवांना ९ एप्रिल १९४५ ला रोमान्यातल्या सेनियो नदीवरच्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीचा भूगोल पाठ करणारा मी काही पहिला मराठी माणूस नाही, एवढंच.

आता भाषेचं. तुल्लिओ दे माउरो या भाषाशास्त्रज्ञाचा १९६३ चा (पुन्हा तेच साल!) अंदाज असा की देश एक झाला तेव्हा इटालियन बोलणारे जेमतेम अडीच टक्के होते. इतरांनी हा आकडा दहा टक्क्यांच्या जवळ नेला. तरी नव्वद टक्के लोक घरी भलतंच काहीतरी बोलत होते. मोलीझेतल्या मोन्तेमित्रो, सान फेलीचे आणि अक्वाविवा कोल्लेक्रोचे या तीन गावांत आजही क्रोएशियन बोली आहे, पाचेक शतकांपूर्वी समुद्र ओलांडून आलेल्यांची. उरुरी आणि पोर्तोकान्नोनेत अल्बेनियन. हे वाचताना गोंदियाचा बाजार डोळ्यासमोर आला: झाडीबोली, पोवारी, गोंडी, छत्तीसगढी आणि व्यवहाराला हिंदी. आमच्या 'पानी'मधला न ऐकून पुण्यात लोक "तुमचं मराठी हिंदीसारखं वाटतं" म्हणतात. क्रोएशियन बोलणाऱ्या मोलीझेकराला रोममध्ये काय ऐकावं लागत असेल कोण जाणे.

आकडे मात्र गमतीचे आहेत. मोलीझेची लोकसंख्या आता तीन लाखांच्याही खाली गेली आहे. गोंदिया जिल्ह्याची २०११ ला १३ लाख २२ हजार होती. क्षेत्रफळही आमचंच जास्त. म्हणजे इटलीत असतो तर आम्ही दहा लाखांची अट सरळ पास झालो असतो, अकराव्या तरतुदीची गरजच नाही :)

गेल्या शनिवारी 'माझा प्रदेश' यावर दहा ओळी लिहायच्या होत्या. मी लिहिलं की कोल्हापूरहून निघून पुण्यावरून जाणारी जी महाराष्ट्र एक्सप्रेस आहे, ती माझ्या गावच्या स्टेशनात संपते. बाईंनी व्याकरणाच्या चार चुका काढल्या आणि विचारलं, जन्मगाव आणि जिल्हा अशी दोन वेगळी वाक्यं का? म्हटलं, मोठी गोष्ट आहे.

व्हिसाच्या अर्जात जन्मस्थान लिहायचं असतं. तिथे सध्या 'तिरोडा' एवढंच लिहायचं ठरवलंय. अधिसूचनेची प्रत मात्र फाईलमध्ये ठेवली आहे.