तलाकनंतर लेकराचा दीन कोणाच्या हाती?

वसमतसारख्या तालुक्याच्या गावात तलाक झाला की मेहर, इद्दतचा खर्च, लग्नातलं सामान यांचा हिशोब जमातची मोठी माणसं बसून करतात. गाडी अडते ती लेकरापाशी. बाप म्हणतो, मुलगा मदरशात राहून हाफिज होईल. आई म्हणते, तो शाळेत शिकेल आणि संध्याकाळी मशिदीत कुरआन वाचेल. एकाला दर्ग्याचा उरूस चालतो, दुसऱ्याला खपत नाही. दोघंही मुसलमान, दोघंही शरियतचंच नाव घेतात. म्हणून अशा वादांचा इतिहास मला इथे मांडावासा वाटतो.

हजरत उमर (रजि.) यांनी आसिमच्या आईला तलाक दिला होता. पुढे कुबा इथे त्यांना आसिम खेळताना दिसला. त्यांनी त्याला उचलून सवारीवर बसवलं. मुलाच्या नानीने अडवलं आणि तंटा खलिफा हजरत अबू बक्र (रजि.) यांच्यापुढे गेला. निकाल नानीच्या बाजूने लागला, उमर यांनी तो निमूट मानला. त्यांच्या दीनदारीवर कोण शंका घेईल? तरीही लेकरू त्यांना मिळालं नाही.

दुसरा प्रसंग राफे बिन सिनान यांचा. त्यांनी इस्लाम स्वीकारला, पत्नीने नकार दिला. लहान मुलीवरून वाद झाला. प्रेषितांनी (स.) दोघांना दोन बाजूंना बसवलं, मध्ये मुलीला ठेवलं आणि तिला हाक मारायला सांगितलं. मुलगी आधी आईकडे वळली. प्रेषितांनी तिच्यासाठी दुआ केली, मग ती बापाकडे गेली.

यातून उलमांनी वेगवेगळे अर्थ काढले. कोकणातले मुसलमान मानतात त्या शाफई मतानुसार गैरमुस्लिम आईला मुस्लिम मुलाच्या संगोपनाचा, म्हणजे हिजानतचा, हक्क नाही. मराठवाड्यात चालणाऱ्या हनफी मतानुसार आहे. मूल धर्म समजू लागेपर्यंत, किंवा ते आपल्या दीनपासून दूर जाईल अशी भीती निर्माण होईपर्यंत. बाराव्या शतकातल्या ‘हिदाया’ ग्रंथात हे नोंदलेलं आहे. जिथे आईचा धर्मच वेगळा, तिथेही लहानग्याला तिची कूस नाकारलेली नाही. मग मुसलमान आईला केवळ मदरसा की शाळा या वादावरून कसं बाजूला सारायचं?

इंग्रजी न्यायालयांचा कल मात्र बापाकडे होता. 1843 मध्ये मुंबईत श्रीपत शेषाद्री हा ब्राह्मण मुलगा मिशनऱ्यांकडे राहिला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने त्याला वडिलांच्या हवाली केलं. त्याचे थोरले बंधू नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले आणि पुढे आपल्या जालन्यात काम करत राहिले. 1871 च्या स्किनर खटल्यात आईने इस्लाम स्वीकारला होता, पण प्रिव्ही कौन्सिलने मुलीचा धर्म तिच्या मृत ख्रिस्ती बापाचाच धरला. 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्याने मुलाच्या हिताला पुढे आणलं. त्यात वय, लिंग आणि धर्म यांचा विचार सांगितला आहे. मूल जाणतं असेल तर त्याची पसंतीही न्यायालय विचारात घेऊ शकतं.

हनफी फिकहमध्ये हिजानत आईची आणि विलायत, म्हणजे पालकत्व, बापाचं. मुलाला दीन शिकवणं बापाच्या जबाबदारीत येतं, हे खरं. पण मूल आईजवळ असलं तरी त्याचा खर्चही बापावरच आहे. दूध, औषध, वह्या यांचे पैसे महिनोन्‌महिने न देणारा माणूस मुलाच्या दीनबद्दल जमातीत आवाज चढवतो, तेव्हा मोठ्यांनी आधी खर्चाचं विचारावं. आईनेही बापाच्या भेटी अडवून मुलाला त्याच्याविरुद्ध पढवू नये.

नमाज, कुरआन आणि शाळा ही तिन्ही एकाच दिवसात बसतात. वसमतमधली कितीतरी मुलं ती रोज बसवतात. तलाक झालेल्या दोघांनी एवढं वेळापत्रक लिहून घेतलं, तर निम्मे तंटे न्यायालयाची पायरी चढणार नाहीत.